गोदाकाकूचा हुकूम

हातात एक्का आला की गोदाकाकूचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. राजा आला तरी तेच. आणि दुर्री, तिर्री, चौकी असली किडमिडीत पानं एकाच रंगाची आली, की बाई अशी खुलायची, वाटावं हिच्या घरी आज बारसं आहे.

ही बाई माझी भिडू होती. मी काही तिला निवडली नव्हती. निजामाचं राज्य होतं तेव्हा. परळीच्या अलीकडच्या एका खेड्यात मी नवी नवरी म्हणून आले, तर तिथं तीन बायका चौथीची वाट बघत बसलेल्या. एक माझ्या सासूबाई. दुसरी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या नाकेदाराची बीबी. पत्त्यांचा जोड तिचाच, खेळही तिनंच शिकवलेला. तिसरी शेजारची गोदाकाकू, विधवा, एकटी. सासूबाई आणि बीबी कधीच्या भिडू झालेल्या. उरली गोदाकाकू, ती माझ्या पदरात पडली.

खेळ कोटपीसचा. आधी पाच-पाच पानं वाटायची. जिची पाळी तिनं त्या पाचांवरूनच हुकूम बोलायचा, म्हणजे कोणता रंग बाकीच्यांना मारणार ते सांगायचं. उरलेली आठ पानं मग हातात येतात. तेरापैकी सात हात जी जोडी करील ती जिंकली. शहाणी बाई ज्या रंगाचा एक्का-राजा असेल तो रंग बोलते. गोदाकाकू पंजी, छक्की, सत्ती बघून बोलायची. मी कपाळाला हात लावला की म्हणायची, "पानं यायचीत अजून, पोरी."

पानं येत नसत.

तिचं शास्त्र असं, की एक्का आला तो आला, आता तो आणखी काय मोठा होणार? ही बारकी मात्र पाठोपाठची भावंडं. एखादं जरी आणखी येऊन मिळालं तरी घर भरतं. सासूबाई म्हणायच्या, गोदे, तुझं घर भरंल तवा भरंल, आमच्या पिठाचे डबे मात्र भरले. कारण पैज दळणाची होती. हरणाऱ्या दोघींनी जिंकणाऱ्यांची शेरभर ज्वारी दळायची. शेराच्या वर मात्र न्हाई, हा सासूबाईंचा दंडक. तो नसता तर मी आजही जात्यावरच असते.

बरं, हे पत्त्यांपुरतं असतं तर चाललं असतं. बाजारात काकू लंगडी शेळी घ्यायची, कारण तिचे डोळे हुशार. खडकावर सीताफळाच्या बिया लावायची. माझा नवरा तेव्हा नुसताच मिशा पिळत गावभर हिंडायचा. त्याच्यावर मी चिडले तर म्हणाली, "त्यो अजून पाचच पानावर हाय." मी म्हटलं, काकू, पाचही दुर्र्याच दिसतात. तर बाई अशी हसली की शेळी बिचकली.

लग्नानंतरची माझी पहिली पंचमी आली. माहेर माझं आंब्याला, जोगाईच्या. माझा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला तो ऐन डावाच्या वेळी. आभाळ भरलेलं, ओढ्याला पाणी यायच्या आत निघायचं म्हणून तो दारातच बसला. सासूबाईंनी पत्ते पिसता पिसता निकाल दिला. हा डाव जिंकलात तर आत्ता जा, आठ दिवस राहा. हरलात तर आधी दळण, मग पंचमीपुरती जा आणि दुसऱ्या दिवशी परत. माझी भिडू कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बीबीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझी गाडी रिकामीच परत चालली.

हुकूम काकूनं बोलायचा होता. तिनं पाच पानं उचलली आणि तिचा चेहरा खुलला. त्या खुलण्याचा अर्थ मला ठाऊक होता. पण ती एकदा पानांकडं बघे, एकदा दाराकडं. दारात माझा भाऊ बैलाच्या पाठीवरच्या माशा हाकत होता.

"बदाम," ती म्हणाली, अगदी हळू.

उरलेली पानं वाटली गेली. काकूनं बदामचा एक्का टाकला. मग राजा. सासूबाईंचा हात सुपारीवर होता तो तिथंच राहिला. राणी माझ्याकडं होती. सातवा हात आम्ही ओढला आणि मी नाचायचीच राहिले होते. तोवर काकूच्या हातातून एकेक किलवर खाली पडत होतं, केर टाकावा तसं. पंजी, छक्की, सत्ती. मग अठ्ठी, नश्शी, दश्शी. शेवटी गुलाम.

सासूबाई पत्त्यांकडं बघतच राहिल्या. "गोदे, आज तर सगळी आलती की गं. मंग किलवर कावून न्हाई बोललीस?"

"नीट दिसलं न्हाई," काकू म्हणाली. गल्लीच्या टोकाच्या पोरीच्या केसातली ऊ दिसायची तिला. "जा गं पोरी. वढा भरंल."

आठ दिवसांनी परत आले. त्याच दुपारी काकूनं दुर्री-तिर्री-चौकीवर इस्पिक बोललं आणि आम्ही शिस्तीत हरलो. पहाटे तिच्या घरी जात्यावर समोरासमोर बसलो. तिचं माहेर प्लेगात संपलं होतं, तिच्यासाठी कधी कुणी गाडी जोडलीच नव्हती, हे सासूबाईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या पहाटे मला काहीच माहीत नव्हतं. मी आपली दळणाला लागले होते.

"गाडी दारात गेली तवा कोण आलं फुडं?" काकूनं विचारलं.

"आय."

"भाकरतुकडा ओवाळला?"

"ओवाळला की."

तिनं खुंट्यावरचा हात काढला. जातं थांबलं.

"आता सावकाश सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."