सासऱ्यांची झिजलेली पट्टी

लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी सासऱ्यांच्या घरामागच्या वर्कशॉपमध्ये माझं काम एकच: टॉर्च धरणे. (तोही मी हलवतो, अशी तक्रार असते.) सासरे निवृत्त फिटर, बायको त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, आणि मी विमा कचेरीतला कारकून. म्हणून परवा ड्रिल मशीनच्या बैठकीसाठी ॲल्युमिनियमची प्लेट कापायचं ठरलं, तेव्हा मी म्हणून टाकलं, "आज मी कापणार!"

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एकच प्लेट आहे, जावईबापू. चांगली पंधरा मिलिमीटर जाड. बिघडली तर परत टॉर्च."

त्यांची स्टीलची पट्टी टोकाला झिजलेली आहे. पहिल्या नोकरीतली, म्हणून बदलायची नाही. घरात सगळे दहाच्या आकड्यापासून मोजतात आणि शेवटी दहा वजा करतात. बायकोने मशीनखाली वाकून माप घेतलं आणि सांगितलं, "वीस सेंटिमीटर."

मी लगेच मनातल्या मनात दहा वजा केले. अखेर या घरचा झालो, असं वाटून ऊर भरून आला.

पाच मिनिटांत हॅक्सॉ अडकला. धातूचा कीस ब्लेडच्या दातांत चिकटून बसला होता. बायकोने ब्रशने तो झाडला, ब्लेडवर मेणबत्ती घासली आणि म्हणाली, "जोर नका लावू, लांब हात मारा." तिने दोन हात मारून दाखवले. करवत लोण्यातून जावी तशी गेली! मी बघतच राहिलो. खरं सांगतो, लग्नात इतकी सुंदर दिसली नव्हती. (हे तिला सांगू नका.)

तासाभराने मी घामाघूम होऊन दहा सेंटिमीटरचा तुकडा पुढे केला.

"हे काय?" बायको किंचाळली.

"विसातून दहा गेले..."

"अहो, ते मी आधीच वजा केले होते!"

सासरे पुढे आले. त्यांनी वाकून जमिनीवर पडलेला दुसरा तुकडा उचलला आणि मशीनखाली सरकवला. तंतोतंत बसला! मूळ प्लेट तीस सेंटिमीटरहून जेमतेम जास्त लांब होती.

"बापू," सासरे मनापासून म्हणाले, "टाकाऊ तुकडा फार झकास कापलात हो!"

तेव्हापासून मला बढती मिळाली आहे. आता टॉर्चबरोबर मेणबत्तीही मीच धरतो.