मोरघडे काका आणि वरची मॅट

मोरघडे काका कुणाच्याही गाडीचं दार न विचारता उघडतात. मालक आत बसलेला असला तरी उघडतात. मग गुडघे टेकून, डोकं आत घालून ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट दोन्ही हातांनी ओढून पाहतात. मॅट हलली, की त्या मालकाचं काही खरं नाही.

मला या माणसाचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. जबलपुरात, गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत, आम्ही समोरासमोर राहतो. काका कारखान्यातून तपासनीस म्हणून रिटायर झाले, पण तपासणी काही सुटली नाही. खिशात सुतळी आणि कात्री. मॅटच्या मागच्या कडेला भोकं पाडायची आणि ती सीटखालच्या लोखंडी पट्टीला करकचून बांधायची, हा उद्योग. "आधी खाली पहा, मग समोर," हे वाक्य. आमच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींची मॅट त्यांनी कथा चालू असतानाच बांधून टाकली. एकदा तर पाहुण्यांच्या चारही मॅट काढून आमच्या कुंपणावर वाळत घातल्यासारख्या टाकल्या. पाहुणे माझ्या सासरचे होते.

आणि गंमत म्हणजे काकांना गाडी चालवता येत नाही. चालवायच्या त्या सुमनकाकू, त्यांच्या पत्नी. सहा वर्षांपूर्वी कुंडमला एका लग्नाला जाताना त्यांची गाडी नाल्यात उतरली. कुणाला खरचटलंही नाही, पण काकूंनी त्या दिवसापासून गाडी सोडली. काकांचं हे मॅटचं वेडही तेव्हापासूनचंच.

यंदा आम्ही नवी गाडी घेतली. माझी बायको वर्षा सदर भागातल्या शाळेत शिकवते, आणि ऑटोंना हात दाखवून ती वैतागली होती. सोमवारपासून स्वतः गाडी न्यायची, असं तिने ठरवलं. गाडीत कंपनीची मऊ मॅट होती, खाली दोन हुकांत नीट अडकवलेली. ती खराब होऊ नये म्हणून मी तिच्यावर बाजारातली रबरी मॅट टाकली. आपण सोफ्याला कव्हर घालतो आणि कव्हरवर चादर, तसंच.

काका भडकले. "एकावर एक काहून टाकून राहिला रे? वरची कशाने धरून राहणार?" त्यांनी ती उचलून घरी नेली. मी जाऊन परत आणली. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मी त्यांना सांगितलं, की माझ्या गाडीला पुन्हा हात लावलात तर सरळ पोलिसांत जाईन. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलू नये. पण मी बोललो, आणि मला बरं वाटलं.

रविवारी संध्याकाळी वर्षा गल्लीत सराव करत होती आणि मी बाहेर उभा राहून सूचना देत होतो. शेवटच्या फेरीला गाडी थांबेचना. हळूहळू येत ती आमच्याच फाटकावर आदळली. फाटक वाकलं, दिवा फुटला, गल्ली गोळा झाली. ब्रेक दाबलाच जात नव्हता, असं वर्षा सांगत होती. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो, की तुला जमणार नाही हे मला माहीतच होतं, उद्या ऑटोनेच जा. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली.

तोवर काका गुडघ्यांवर बसले होते. रबरी मॅट पुढे सरकून ब्रेकखाली गोळा झाली होती. त्यांनी ती उपसून माझ्या पायाशी फेकली.

"तिला काहून बोलून राहिला? हे तिने टाकलं होतं का?"

काका उठून उभे राहिले. आता हा माणूस मला मारतो की काय, असं मला वाटलं. पण ते वळले ते समोर त्यांच्या फाटकाशी उभ्या असलेल्या सुमनकाकूंकडे.

"सुमन, त्या दिवशीही हेच झालं होतं. चिखल होता म्हणून वरची मॅट मीच टाकली होती. आणि अख्ख्या वऱ्हाडासमोर तुला म्हटलं, तुला येतच नाही."

"मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी गाडी मीच धुतली ना."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबली होती."

काका तिथेच आमच्या फाटकाच्या पायरीवर बसले. मला त्यांचा तेव्हाही रागच आला. साऱ्या गावाच्या मॅट बांधत फिरायला वेळ होता, आणि घरात एवढं एक वाक्य बोलायला या माणसाला सहा वर्षं लागली.

मग मी मान वर केली. वर्षा माझ्याकडे पाहत थांबली होती.