पन्नास मापटी पाणी

चाळीस वर्षं मी मुलांना मापं शिकवली. शेर असो की लिटर, मला झोपेतून उठवून विचारा! पण नातीच्या शाळेत मोजमापं शिकवायला ‘आजोबांचा तास’ ठरला, एकच आजोबा न्यायचा होता, आणि नेमके तेव्हाच व्याही मुक्कामाला आले. जन्म औषधांच्या दुकानात गेलेला माणूस. सोबत लिटरभराची, खुणांची काचेची नळी आणि नातीला भेट म्हणून माशांची टाकी! पोरगी दिवसभर डिंकासारखी त्यांनाच चिकटलेली. मी जळून कोळसा!

“नळीचं काय कौतुक? हे बघ!” मी माळ्यावरून धान्य मोजायचं पितळी मापटं काढलं. गव्हाने भरलं, वर छान टोकदार शीग लावली आणि गहू व्याह्यांच्याच नळीत ओतले. सहाशे मिलिलिटर! “टाकी तीस लिटरची. मग किती मापटी पाणी?”

“पन्नास!” नात ओरडली.

बादलीतून मापटं भरभरून मी पन्नास वेळा ओतलं. पाणी काठाखाली चांगलं तीन बोटं! खाली फरशी ओली.

“टाकी गळते!” मी ओरडलो. आनंद लपवायचा प्रयत्न केला, पण ही म्हणते, अजिबात जमला नाही.

“माझी टाकी? मास्तर, तुमची मोजणी चुकली!”

“व्याहीबुवा, आधी फरशी बघा!”

ते एका बाजूने पोटावर आडवे झाले, मी दुसऱ्या बाजूने. मी मेण लिंपलं, त्यांनी वर चिकटपट्ट्या मारल्या. टाकी अपघातातून वाचलेल्या पेशंटसारखी दिसू लागली!

ही दारातून म्हणाली, “अहो, बादली आणताना तुम्हीच सांडलंत ते! उठा!”

एवढ्यात नातीने मापटं पाण्याने काठोकाठ भरून नळीत ओतलं. पाचशे!

“आजोबा, गव्हाला शीग लागते. पाण्याला कुठे लागते?”

व्याही पडल्या पडल्याच हसायला लागले. संपलं! आता शाळेत तेच जाणार.

“मास्तर आजोबा, उद्या तुम्हीच चला हं.”

“मी?”

“बाई म्हणाल्यात, चूक कशी होते तेही दाखवा. चुकणारे आजोबा वर्गात कुणाकडेच नाहीत!”

मी ताठ मानेने उठलो. व्याह्यांचं हसू मावळलं. संध्याकाळभर ते नातीच्या मागे मागे फिरत होते.

“अगं, मीसुद्धा चुकतो! खूप चुकतो! विचार हवं तर तुझ्या आईला!”