देणं सूर्यास्ताच्या आत

"मगदूमसाहेब, तुमचं काहीच दिसत नाही हो," बँकेतल्या दीपाली मॅडम संगणकाकडे बघत म्हणाल्या, तेव्हा अरिहंतला आधी अभिमानच वाटला.

"दिसणार कसं, मॅडम? आमी कुणाचं एक रुपयाचं देणं लागत न्हाई. तीन पिढ्यांत न्हाई."

"तेच तर! कर्ज नाही, हप्ता नाही, कार्ड नाही. तुम्ही फेडणारे की बुडवणारे, हे बँकेला कळायचं कसं?" मॅडमनी आवाज खाली आणला. "घरकर्ज बसणार नाही."

शेजारी सातारकडच्या मेढ्याचा पृथ्वीराज बसला होता, अरिहंतच्याच कारखान्यातला. त्याच्या डोक्यावर गाडीचं, बहिणीच्या लग्नाचं, दोन म्हशींचं आणि कशाचं ते त्यालाही आठवत नव्हतं असं एक, अशी चार कर्जं होती. मॅडमनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि "अजून एखादं पाहिजे का?" असंही विचारलं. तीन पिढ्या रोखीनं जगलेल्या मगदुमाच्या वाट्याला पाण्याचा ग्लासही आला नाही. जगाची रीतच उफराटी, दुसरं काय!

अरिहंतला सांगलीच्या विश्रामबागेत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा होता. लग्नाला तीन वर्षं झाली तरी तो आणि प्रीती आई-वडिलांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत, एका पडद्याआड झोपत होते. पडद्यापलीकडून आण्णा, म्हणजे जिनपाल मगदूम, पहाटे चारला उठून आधी खोकायचे आणि मग णमोकार म्हणायचे. प्रीतीनं परवा स्पष्टच सांगितलं होतं, "पुढच्या दिवाळीला मी आपल्या घरात तरी असीन, न्हाईतर माहेरात."

आणि आण्णांपुढे कर्जाचा शब्द काढायचा कसा? मगदुमांच्या जैन घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आष्ट्याच्या आजोबांनी या नेमाला आपल्या पदरचं एक शेपूट जोडलं होतं: सूर्यास्तानंतर कुणाचं देणंही ठेवायचं नाही. हळदीच्या अडतीवर पस्तीस वर्षं दिवाणजी असलेले आण्णा रोज साडेपाचला पिशवी घेऊन निघायचे आणि गल्लीभर देणी मिटवत फिरायचे. गुंडा गवळी तर त्यांना बघून लपायचा. "आवं आण्णा, म्हैन्याचं एकदम द्या की! रोज अर्ध्या लिटरची चिल्लर ठिवू कुठं?" असं तो कळवळून म्हणायचा. पण आण्णा त्याला गोठ्यात गाठून पैसे मोजायचेच.

"सोपं हाय गड्या," पृथ्वीराज म्हणाला. "बारकं कर्ज काढ, सा म्हैने हप्ते भर. पत तयार. आमच्यात पोरगं मिशी फुटली की पयलं कर्ज घेतंय."

अरिहंतनं गल्लीतल्याच दुकानातून दहा हप्त्यांवर मिक्सर आणला. दुपारी एक वाजता कर्ज झालं. साडेपाचला आण्णा नेमानं त्या दुकानावरून गेले, मालकानं भोळेपणानं "पोरानं मिक्सर नेला की हप्त्यावर" म्हणून सांगितलं आणि पावणेसहाला कर्ज फिटलं. वर मालकाला झालेल्या त्रासाबद्दल आण्णांनी पावशेर पेढेही दिले. मॅडम म्हणाल्या, "पावणेपाच तासांचं कर्ज आमच्या यंत्राला दिसतच नाही."

मग पृथ्वीराजनं त्याला कार्ड काढायला लावलं. पण घरचा बाणा काही गप्प बसेना. कार्डावर दाढी केली, पेट्रोल भरलं, की उन्हं कलताच अरिहंतचा हात आपोआप मोबाईलवर जाऊन सगळं भरून टाकायचा. महिनाअखेर बिल आलं शून्याचं.

"तुजा बापच न्हाई, तू बी बिघडलेला हायस," पृथ्वीराज चिडून म्हणाला. "चल, लांब जाऊन कर्ज काढू."

शनिवारी सकाळी साताऱ्यात, सांगलीपासून तीन तासांवर, अरिहंतनं हप्त्यावर मोबाईल घेतला आणि दोघं जेवायला मेढ्याला गेले. सगळं बिनबोभाट झालं असतं. पण कर्ज देणाऱ्या कंपनीला घरच्या एका माणसाचा नंबर लागतो, आणि अरिहंतनं खोटं बोलायची सवय नसल्यानं खराच दिला होता. साडेबाराला आण्णांचा फोन वाजला. "अरिहंत मगदूम यांनी साताऱ्यात कर्ज घेतलंय. आपण त्यांना ओळखता का?"

पोरगा आपल्याला ओळखतो का, असा प्रश्न आण्णांना पडला. ते उठले, तशीच साताऱ्याची एसटी धरली. घाईत बँकेचं पासबुक खिशात टाकलं आणि पाकीट खुंटीवरच्या दुसऱ्या शर्टात राहिलं. वरच्या खिशातल्या नोटा तिकिटाला गेल्या. साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यांच्याजवळ अकरा रुपये होते आणि सूर्य मावळायला दीड तास.

"मी साताऱ्यात हाय," आण्णा फोनवर म्हणाले. "कुटलं दुकान ते सांग."

अरिहंतची पाचावर धारण बसली. मेढ्याहून यायला तास तरी लागणार. पृथ्वीराजचे वडील नाथाजी, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, त्या दिवशी साताऱ्यातच होते. त्यांना फोन गेला. नाथाजींनी आण्णांना स्टँडवर गाठलं, स्वतः भाडं देऊन रिक्षानं दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "पयला हप्ता गेल्याशिवाय खातं बंद हुईत न्हाई, काका. देवाला सांगितलं तरी न्हाई." आण्णा मटकन पायरीवर बसले. नाथाजींनी उन्हाकडे बघितलं, पाहुण्याचा नेम ऐकला आणि मावळतीच्या आत त्यांना खानावळीत नेऊन पोटभर जेवू घातलं.

पोरं पोचली तेव्हा आकाश तांबडं झालं होतं. आण्णा ओरडले, "लेका, तुजं मागनं बघतो! पयलं ह्यांचं रिक्षाचं आन जेवणाचं दोनशे चाळीस दे. बेगीन!"

अरिहंतनं खिशात हात घातला. नाथाजी दोन पावलं मागं सरले.

"मी घेनार न्हाई."

"आवं, सूर्य चाललाय!"

"जाऊ द्या की. रोज जातोय." नाथाजी आता खरोखर रागावले होते. "मगदूम, आमच्या घरात देणं मिटवत्यात ते भांडण झाल्यावर. आज माजं पैसं दिलंसा, म्हंजे उद्या वळख न्हाई. माजं काय चुकलं ते तरी सांगा!"

आण्णांनी अरिहंतच्या हातातले पैसे ओढून घेतले. ते पैसे पुढे करत राहिले, नाथाजी हात मागे घेत राहिले आणि या रेटारेटीत सूर्य मावळला. आयुष्यात पहिल्यांदा जिनपाल मगदूम कुणाचं तरी देणं लागून उभे होते. अरिहंतला त्यांच्याकडे बघवेना.

सांगलीची गाडी नव्हती, म्हणून रात्री सगळे मेढ्याला गेले. मुक्काम झाला, देणं आणखी वाढलं. आण्णा कूस बदलत राहिले. सकाळी अंगणात येऊन बघतात तर कर्जबाजारी माणसावरही सूर्य रीतसर उगवला होता.

मोबाईलच्या हप्त्यांना मग त्यांनी हात लावला नाही. नाथाजींच्या दोनशे चाळीसनं त्यांना पुरतं घेरलं होतं. त्यांनी बदल्यात मेढ्याला हळद पाठवली, तिकडून तांदूळ आला. गूळ गेला, तर तूप घेऊन नाथाजी स्वतःच आले आणि चार दिवस राहिले. ज्या घरी सूर्यास्तानंतर कुणी फिरकायचं नाही, तिथं फोनवर तास तास गप्पा रंगू लागल्या. कोण कुणाचं किती लागतो, हे पस्तीस वर्षांच्या दिवाणजीला आता सांगता आलं नसतं.

सहा महिने हप्ते वेळेवर गेले. दीपाली मॅडमनी या वेळी चहा मागवला. कर्ज मंजूर होतं, वीस वर्षांचं, फक्त सहकर्जदार म्हणून आण्णांची सही हवी होती. अरिहंतचा जीव टांगणीला लागला. प्रीतीनं पदराखाली हात जोडले. आण्णांनी चष्मा लावला, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"एक इचारू का, मॅडम?"

"विचारा ना."

"विसाची तीस वर्षं हुतील का?"

"आण्णा!" अरिहंत किंचाळलाच. "व्याज किती जाईल! मी एकसष्ट वर्षांचा हुईन!"

"मग?" आण्णा शांतपणे म्हणाले. "ह्या बाईंशी आपलं काय भांडण झालंय का, घाईनं मिटवायला?"