बोली लावून जिंकलेली खोली

सांगितलेली किंमत मुकाट्याने देणारा माणूस गुलाम असतो, हे माझं ठाम मत आहे. ते मी भाजीवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सर्वांना ऐकवलं आहे. दंतवैद्याला ऐकवताना माझं तोंड त्याच्या ताब्यात होतं, त्यामुळे त्याला ते नीट कळलं नसावं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सौ.ने समुद्रकाठच्या शहरात एक रात्र मागितली.

"समुद्र दिसला नाही तरी चालेल," ती म्हणाली. "पण एक सकाळ अशी द्या की आपलं दार वाजणार नाही आणि पंपाबद्दल कुणी बोलणार नाही."

मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे. पाणी वर चढवणारा पंप रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर आहे आणि त्या बाजूचे लोक म्हणतात की तो फार ओरडतो. माझी झोपायची खोली मागच्या बाजूला आहे. मला कधी काही ऐकू आलेलं नाही. तक्रारींबाबत माझं धोरण सोपं आहे: तक्रार मुरू द्यावी. मुरली की ती आपोआप विरते.

खोलीसाठी मी बोलीची वेबसाइट निवडली. तिथे हॉटेलं आपल्या रिकाम्या खोल्या काढतात. आपण आपला भाव सांगायचा. पटला तर खोली आपली, पैसे तत्काळ कापले जातात, परत मिळत नाहीत, आणि हॉटेलचं नाव त्यानंतर कळतं. बुरख्याआडचा सौदा. माझ्यासारख्याला रणांगणच.

मी मूळ दराच्या चौथाईपासून सुरुवात केली. 'आपली बोली फारच कमी आहे,' असं उत्तर आलं.

"थोडे वाढवा की," सौ. म्हणाली.

"थोडे वाढवले की त्यांना वास लागतो."

मी तीच बोली पुन्हा लावली. तेच उत्तर. पुन्हा लावली. संगणकाशी बोलताना आपला चेहरा निर्विकार ठेवावा लागतो, म्हणून मी तो ठेवला. शेवटी समोरचा वाकला. 'याच दरात दुसरीकडे उत्तम खोली उपलब्ध आहे. नवीन हॉटेल, मध्यवर्ती भाग, शांत वस्ती. घ्यायची?'

'याच दरात' हे दोन शब्द वाचले आणि मी 'हो' दाबलं. 'दुसरीकडे' हा शब्द मी नंतर वाचला.

"कुठलं हॉटेल मिळालं?" सौ.ने चष्मा लावत विचारलं.

मी खिडकीकडे बोट केलं.

"समुद्र त्या दिशेला आहे?"

"हॉटेल त्या दिशेला आहे. रस्त्यापलीकडे."

आमच्या इमारतीसमोर दोन वर्षं हॉटेलचं बांधकाम चाललं होतं. धूळ आणि गोंगाट यांविरुद्ध सह्या मीच गोळा केल्या होत्या. गच्चीवरच्या सभेत मी गर्जलो होतो, "या हॉटेलची पायरी मी मेलो तरी चढणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

"सोडून द्या ते पैसे," सौ. म्हणाली.

"मुळीच नाही. जिंकलेली खोली सोडायला मी काय भित्रा आहे?"

शनिवारी आम्ही बॅग घेऊन खाली उतरलो. प्राध्यापक फाटकातच उभे.

"कुठे निघालात?"

"समुद्राकडे."

"आणि पंपाचं काय?"

"आल्यावर बघू."

ते पाहत असल्यामुळे टॅक्सी करावी लागली. चालकाने हॉटेलचं नाव ऐकलं आणि समोर पाहिलं.

"साहेब, ते काय समोरच."

"आम्हाला लांबून जायचं आहे."

त्याने आरशातून सौ.कडे पाहिलं. तिने 'चालू द्या' अशी मान हलवली.

हॉटेलच्या दारात तीन पायऱ्या होत्या. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाजूला सामानाच्या गाडीसाठी उतार होता, त्यावरून ताठ मानेने आत गेलो. दिलेला शब्द मी मोडत नाही.

मॅनेजरने मला ओळखलं. "या, साहेब. तुमची सही आमच्या चांगल्या ओळखीची आहे."

"मी पाहुणा म्हणून आलो आहे."

"म्हणूनच 'या' म्हणालो."

खोली खरंच छान होती. खिडकीतून आमची बाल्कनी, दोरीवरचे माझे दोन बनियन आणि गच्चीवरची टाकी एवढं दिसत होतं.

"पाण्याकडे तोंड आहे म्हणायचं," टाकीकडे बघत सौ. म्हणाली. पण ती हसत होती. संध्याकाळभर आमच्या दारावर कुणी आलं नाही. म्हणजे आलं असेल, पण ते दार रस्त्यापलीकडे होतं. "ऐकलंत?" ती उशीवर डोकं टेकत म्हणाली. "काहीच ऐकू येत नाही." मला वाटलं, झाला हा सौदा.

पहाटे दमेकरी रेडा पत्र्याच्या पेटीत कोंडावा तसा आवाज सुरू झाला. सौ. ताडकन उठून बसली. मी फोन उचलून मॅनेजरला फैलावर घेतलं.

"ही शांत वस्ती? कसला आवाज आहे हा?"

"समोरच्या इमारतीचा पंप, साहेब. त्यांच्या सेक्रेटरींना आम्ही तीनदा लिहिलं. उत्तर देत नाहीत."

मी फोन ठेवला; रेडा ओरडतच होता.

"काय म्हणतोय तो?" सौ.ने विचारलं. मी सांगितलं. तिने हॉटेलच्या सपाता पायात घातल्या आणि उशी काखेत मारली.

"अगं, कुठे निघालीस?"

"घरी. आपली मागची खोली शांत असते."

खिडकीतून मी तिला रस्ता ओलांडताना पाहिलं. फाटकात प्राध्यापक होते. ती थांबली, मागे वळून तिने आमच्या खिडकीकडे बोट केलं. प्राध्यापकांनी हात हलवला. मीही हलवला. घाबरायचं काय कारण?

मग मी खाली गेलो. पाहुण्याची लेखी तक्रार असेल तर जोर येईल, असं मॅनेजर म्हणाला. मी घसघशीत तक्रार लिहिली. पूर्ण दर देणाऱ्यानेसुद्धा लिहिली नसती इतकी कडक. असल्या बेजबाबदार सेक्रेटरीला हाकलून द्यावं, असंही त्यात म्हटलं आणि खाली ठसठशीत सही केली.

सोमवारी ती तक्रार मला मिळाली. सध्या मुरत ठेवली आहे.