लाडू, चिवडा आणि चातुर्मासातला लसूण

ढुंढिराज टोकेकरांनी त्या रविवारी माशांकडे भिंगातून बघायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. नुसत्या डोळ्यांनी बघितले असते तर मासे आपले मासेच दिसले असते. पण टोकेकर पडले नाशिक रोडच्या प्रेसमधले तपासनीस. छापील कागदांतल्या चुका काढण्यात सव्वीस वर्षं गेलेली. (घरातल्या चुका काढायचं खातं इंदिराबाईंकडे होतं आणि त्या सुरुवात टोकेकरांपासून करत.)

मासे दोन, गोल्डफिश. जाडा तो लाडू, चुळबुळ्या तो चिवडा. मालकीण त्यांची लेक स्वरदा. जूनमध्ये नोकरीसाठी पुण्याला जाताना तिने पाणी बदलायचं काम बाबांकडे दिलं आणि खायला घालायचं आईकडे. निघताना बाबांना बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, या वेळी तरी." त्या 'या वेळी'ला इतिहास होता. आधीच्या माशांची टाकी टोकेकरांनी कपड्यांच्या साबणाने लख्ख धुतली होती. टाकी अजून चकाकते. त्या माशांविषयी घरात कोणी बोलत नाही.

तर भिंगातून लाडूच्या शेपटीखाली एक पांढरा दोरा लोंबताना दिसला. चिवड्याच्याही. दोघं तळाशी सुस्त पडलेले. टोकेकरांनी डब्यातला एक दाणा टाकून पाहिला. लाडूने तो तोंडात घेतला, घोळवला आणि थुंकून टाकला. आणि शनिवारी स्वरदा येणार होती! टोकेकरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि स्कूटर बाहेर काढली.

जेलरोडला माशांचं दुकान चालवणाऱ्या झुंबरने मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि लगेच निकाल दिला.

"काका, पोटात जंत हायेत."

"नक्की?"

"पांढरा दोरा, खाणं थुंकतोय, अजून काय पायजे? लय पाहिलेत मी. ही पावडर दाण्यांना लावून पाच दिवस द्या. पण कडू लागती, नुसती खाणार नाय. लसणाच्या रसात भिजवा. लसणाच्या वासाला मासा पळत येतो."

टोकेकरांचा चेहरा उतरला.

"काय झालं काका?"

"चातुर्मास आहे."

"माशांचा?"

"हिचा."

चातुर्मासात टोकेकरांच्या उंबऱ्याच्या आत कांदा-लसूण येत नसे. इंदिराबाईंचा नेम बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. खरं सांगून टाकता आलं असतं, पण त्यांना सांगणं म्हणजे पाच मिनिटांत पुण्याला फोन, 'बाबांनी पुन्हा केलं.' ते मात्र टोकेकरांना सहन झालं नसतं. मग लसूण स्कूटरच्या डिकीत राहिला. ऑफिसातून आलं की टोकेकर गच्चीवर जाऊन विटेने पाकळ्या ठेचू लागले. (शेजारच्या लताबाईंना त्यांनी व्यायाम करतोय म्हणून सांगितलं.)

सोमवारी जेवताना इंदिराबाईंनी नाक वर केलं.

"कुठे खाल्लंत?"

"कुठे काय? छे!"

"हात दाखवा."

टोकेकरांनी हात मागे नेले.

"मिसळ?"

आता काय सांगणार, कपाळ! "अर्धी प्लेट," टोकेकर म्हणाले.

"चातुर्मासात! लाज कशी वाटत नाही हो?"

मंगळवारी पावभाजी कबूल करावी लागली, बुधवारी भेळ. गुरुवारी तर त्यांनी मंचुरियन खाल्ल्याचं मान्य केलं. शुक्रवारी इंदिराबाईंनी त्यांचं ताट बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं, टाकीशेजारी. म्हणजे माशांजवळ बसता तरी आलं. पण मासे औषधाचा एक दाणा गिळतील तर शपथ. दोरे लांबले होते आणि लाडू आता तिरका पोहत होता.

"खा रे राजा," टोकेकर काचेला नाक लावून म्हणाले. "माझ्यासाठी नको. तिच्यासाठी खा." लाडूने दाणा थुंकला.

शनिवारी सकाळी सातच्या सुमारास स्वरदा आली आणि बॅग खांद्यावरच ठेवून टाकीपाशी गेली.

"बाबा, टाकीला लसणाचा वास का येतोय?"

इंदिराबाई नेमक्या वाटी घेऊन बाहेर आल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. टोकेकरांनी जंत, झुंबर, गच्ची, वीट, सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मिसळ खाल्लीच नाहीत?" इंदिराबाई.

"नाही."

"आणि मंचुरियन?"

"ते कसं असतं तेसुद्धा माहीत नाही."

"अगं बाई! मग माझ्या घरात लसूण आणलात? त्यापेक्षा खाऊन आला असतात तर परवडलं असतं! सरका, त्यांच्या खाण्याची वेळ झालीय." आणि त्यांनी वाटीतलं चिमूटभर पाण्यात सोडलं. लाडू तिरक्याचा सरळ होऊन धावला.

"आई, हे काय घालतेस?"

"साबुदाणा. भिजवलेला. त्या डब्यावर वाच, फिश मील लिहिलंय. माशांना मासेच खायला घालायचे? तेही चातुर्मासात, पूजेच्या आधी, माझ्या हाताने? दीड महिना साबुदाण्यावर आहेत. कसे गुटगुटीत झालेत बघ."

स्वरदाने कपाळावर हात मारला. "अगं, पोटं गच्च झालीत त्यांची! जंत नाहीत, काही नाही. तो दोरा म्हणजे अडलेली शी आहे. बाबा, तुम्हाला एकदाही दिसलं नाही?"

"रोज सातला यांच्या नाकासमोर घालते," इंदिराबाई म्हणाल्या. "हे शेजारीच बसलेले असतात. पेपरातल्या छपाईच्या चुका शोधत."

स्वरदाने माशांना दोन दिवस उपास घडवला (खरा, बिनसाबुदाण्याचा) आणि मग सोललेला उकडलेला मटार दिला. सुट्टी जोडून आली होती म्हणून ती थांबली. मंगळवारपर्यंत दोरे गेले, लाडू सरळ झाला, चिवडा टाकीभर हुंदडू लागला. खाद्याचा डबा टोकेकरांच्या हाती आला. राहिला माशांसाठी भरून ठेवलेला दोन किलो साबुदाणा. इंदिराबाई अन्न वाया घालवत नाहीत, आणि घरात लसूण आणल्याचं प्रायश्चित्त कोणीतरी घ्यायलाच हवं होतं.

सलग तिसऱ्या दिवशी खिचडीची ताटली समोर आली तेव्हा टोकेकर टाकीशेजारी मान टाकून बसले होते. समोर स्वरदा बसली होती. तिने टेबलावरचं भिंग उचललं आणि बाबांवर रोखलं.

"आई, बाबा सुस्त दिसतायत गं. घास तोंडात घेतात आणि नुसता घोळवतात. जंत असतील का?"

"झुंबरची पावडर उरलीय ना," इंदिराबाई आतून म्हणाल्या. "दे चिमूटभर. पण लसणाशिवाय."