चंद्रनाडी आणि सिंकखालचा पाइप

“माणसाचं अख्खं आयुष्य त्याच्या दोन नाकपुड्या चालवत असतात,” आप्पांनी जाहीर केलं, आणि लगेच शिंकले.

वजनमापे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हठयोग मनावर घेतला होता. तराजू गेला, नाक आलं. ‘ह’ म्हणजे सूर्य, उजवी नाकपुडी. ‘ठ’ म्हणजे चंद्र, डावी; तिलाच चंद्रनाडी म्हणायचं. जेवणं, भांडणं, जिने चढणं-उतरणं ही उजवीची खाती. टिकाऊ कामं डावीची. घरात काहीही काढायचं म्हटलं, की आप्पा नाकाखाली बोट धरून उभे राहत आणि माई कपाळाला हात लावून.

आज मात्र माईंचा जीव टांगणीला लागला होता. सिंकखालचा पाइप कधीचा ठिबकत होता. असंख्य फोन, विनवण्या आणि खोटी स्तुती यांनी पाझर फुटून आज प्लंबर साक्षात दारात उगवला होता. त्याने जुना सांधा खोललाही. कॉक पुरता बंद होईना, म्हणून बारीक धार लागली. नवा पाइप तो उचलणार, एवढ्यात आप्पा आले.

“थांबा. हे टिकाऊ काम. डावी चालू झाल्याशिवाय हात लावायचा नाही.”

“अहो, मग करा ना चालू,” माई म्हणाल्या.

“सर्दी झालीय. दोन्ही बंद आहेत.”

प्लंबरने पान्हा खाली ठेवला. आजवर काम थांबवायची कारणं तोच देत आला होता. गिऱ्हाईकाकडून मिळालेलं हे पहिलंच.

डावी उघडायची तर उजव्या कुशीवर निजावं लागतं. आप्पा स्वयंपाकघरातच चटई टाकून निजले आणि तिथूनच शिकवू लागले. “शरीर म्हणजे सुटे भाग नव्हेत. नाक, पोट, मन, सगळं एकमेकांना जोडलेलं. एकीकडे तुंबलं की दुसरीकडे फुटतं.”

“आमच्या लायनीतही तेच,” प्लंबर म्हणाला. “आणि समजा, नाडी नसताना काम रेटलं तर?”

“टिकत नाही. वर करणाऱ्याची कंबर जाते.”

“तरीच.” प्लंबर कंबर चोळत विचारात पडला.

“त्यांना नका हो काही शिकवू,” माई बादली बदलत म्हणाल्या. “त्या पाइपला शिकवा.”

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई होत्या. “माई, आमच्या टेबलावर वरून थेंब पडतोय.”

“काम चालूच आहे.”

बाईंनी आत डोकावलं. एक गृहस्थ कुशीवर निजलेले, दुसरा मांडी घालून, नाकाखाली बोट धरून बसलेला. “दिसतंय,” म्हणून त्या गेल्या.

तोवर धार जाड झाली. माईंनी कढत पाण्याचं पातेलं आणलं, आप्पांना उठवून बसवलं आणि डोक्यावरून टॉवेल टाकला. टॉवेलखालून खोकला, शिंका आणि थोडं संस्कृत ऐकू आलं. मग आप्पांचा लालबुंद, प्रसन्न चेहरा बाहेर आला.

“चंद्र उगवला. बसवा पाइप.”

प्लंबर हलला नाही. नाकाखालचं बोट त्याने डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं.

“साहेब, तुमची डावी झाली. पण बसवणार मी, आणि माझी उजवी चालू आहे.”

“मग निजा कुशीवर.”

“निजतो की, घरी जाऊन. उजवी आहे तोवर जिना उतरून घेतो. तुमच्या कामाला कमीपणा यायला नको.”

तो पिशवी उचलून गेलाही. इतक्या झटपट तयार झालेला शिष्य आप्पांनी पाहिला नव्हता. त्यांना रागवावं की अभिमान वाटून घ्यावा, ते कळेना. माईंनी त्यांचा तळहात उघड्या सांध्यावर दाबून धरला. धार थांबली नाही, फक्त बाहीतून आत शिरली.

“किती वेळ धरायचं?”

“तुमच्या शिष्याचा चंद्र उगवेपर्यंत.”

पुन्हा बेल. दारात शिक्षिकाबाई, केस ओले, हातात झाकलेलं ताट. माई माफी मागणार, तोच बाईंनी मान हलवली.

“भांडायला नाही आले हो. आम्ही जेवायला बसतोय. एखादी मोठीशी छत्री मिळेल का?”